यंत्राआधीं माणूस

आमच्या वाचकांच्या घरांतील कितीतरी मुलगे व मुली आज संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमांत कार्यप्रणालीचें पृथक्करण व रचना असा एक विषय असतो. तो नुसत्या आकृत्या काढण्याचा, असें समजून विद्यार्थी त्याचा कंटाळा करतात व आज्ञावली लिहावयास धांवतात. या विषयाची खरी किंमत दोन उदाहरणांवरून कळेल.

लंडनच्या लायन्स कंपनीचीं पुष्कळ चहागृहें होतीं. तिनें स्वतः बांधविलेला 'लिओ' हा संगणक १९५१ सालीं हिशेबाच्या नित्य कामास लागला. परंतु कचेरीच्या कामाच्या पद्धती तपासणारें खातें तिनें त्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें उघडलें होतें. कागद कोणाकडून कोणाकडे जातो व कां जातो, हें पाहण्याची संवय तेथें मुरलेली होती. म्हणून पुढें चहागृहांच्या मागणीचें काम यंत्राकडे देतांना सोपी युक्ति सुचली. प्रत्येक चहागृहाची ठराविक मागणी यंत्रापाशीं नोंदलेली असे. व्यवस्थापिकेनें त्यांतील फरक तेवढा दूरध्वनीवरून कळवावयाचा. आपल्याकडे गवळ्याचा रतीब असाच चालतो. "उद्यां अर्धा लिटर अधिक," एवढें सांगितलें कीं पुरे.

याच्या उलट प्रकारही लंडनमध्येंच घडला. २६ ऑक्टोबर १९९२ रोजीं तेथील रुग्णवाहिका धाडण्याचें काम नव्या संगणकाकडे सोपविलें गेलें. गाडी कोठें आहे व मोकळी आहे कीं नाहीं, ही खबर यंत्राला अचूक मिळेल असें गृहीत धरलें होतें. ती तशी मिळेना. कोठें एकाच रोग्याकडे दोन गाड्या गेल्या, कोठें रोगी ताटकळत राहिले. दुसऱ्याच दिवशीं पुष्कळसें काम पुन्हा माणसांनीं हातीं घेतलें. व्यवस्था पुरती तपासलेली नव्हती व नोकरांस पुरतें शिकविलेलें नव्हतें, असें १९९३ च्या चौकशी-अहवालानें दाखविलें. विशेष हें कीं, त्या दोन दिवसांत यंत्र असें बिघडलेंच नव्हतें. चुकली होती ती योजना.

तेव्हां आमच्या तरुण वाचकांस आमचें सांगणें असें: ज्याचें काम बदलावयाचें, त्याच्याजवळ आधीं जाऊन बसावें. तो रोज काय करतो तें विचारावें, आणि अडचण आली म्हणजे काय करतो, तें अधिक बारकाईनें विचारावें. नियम पुस्तकांत सांपडतात. अपवाद माणसाजवळच असतात. येत्या सुटींत जवळच्या वाचनालयांत चार दिवस बसून, पुस्तक हरवलें, उशिरां आलें, दोघांनीं एकदम मागितलें, तर ग्रंथपाल काय करतात, तें टिपून पाहावें. आज्ञावली त्यानंतर लिहावी.