कलाशाखेला मिटलेले दार

मद्रास आयआयटीने २००६ मध्ये एक धाडस केले. बारावीची कोणतीही शाखा असो, स्वतंत्र प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांच्या एकात्मिक एम. ए. अभ्यासक्रमाला तेथे प्रवेश मिळू लागला. जेईईची अट नव्हती. मुंबई हे त्या परीक्षेचे एक केंद्र होते. पुढे जागा पन्नासाच्या आगेमागे राहिल्या, तथापि विकास अभ्यास शिकणारी अठरा वर्षांची मुले आणि यंत्र अभियांत्रिकीची त्यांची समवयस्क मुले एकाच आवारात वाढू लागली, हे त्या प्रयोगाचे मोल होते. २०२३ पासून तो बंद झाला. आता एम. ए. दोन वर्षांचे, आणि प्रवेश पदवीनंतर ‘गेट’मधून.

या निर्णयाच्या बाजूने बोलता येते. गेटमध्ये २०२१ पासून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. देशभर एक परीक्षा असताना एका संस्थेने आपली वेगळी का चालवावी? शिवाय पदवीधर विद्यार्थी संशोधनाकडे अधिक निश्चयाने वळतो. हे सारे मान्य केले, तरी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे काय? आयआयटींनी कला व मानव्यविद्यांना अधिक स्थान द्यावे, असे त्यात नाव घेऊन म्हटले आहे. धोरण येऊन तीन वर्षे होतात तोच बारावीच्या मुलांसाठी असलेला मार्ग बंद व्हावा, ही विसंगती दिल्लीत कोणाला खटकल्याचे दिसले नाही. १९६१ च्या मूळ कायद्यातही अभियांत्रिकी, तंत्रज्ञान व विज्ञानाबरोबर ‘कला’ हा शब्द आहे. संसदेने तो शोभेसाठी घातला नव्हता.

मुंबई आयआयटीने २०१७ मध्ये अर्थशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला; पण त्याचाही उंबरठा जेईईचाच. म्हणजे अर्थशास्त्र शिकायचे तर आधी रसायनशास्त्रात प्रावीण्य दाखवा! लातूरच्या किंवा साताऱ्याच्या कलाशाखेतील हुशार मुलीने काय करावे, याचे उत्तर या व्यवस्थेत एकच: तीन वर्षांनी या.

नुकसान तिचे एकटीचे नाही. कोयनेचे धरण अभियंत्यांनी बांधले आणि उत्तम बांधले. विस्थापितांच्या पुनर्वसनाची प्रकरणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळली. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये, भिंत उभी राहून दशक उलटल्यावर. गाव उठले की काय काय मोडते, याचे गणित अभियांत्रिकीच्या वर्गात सहसा शिकवले जात नाही. बी. टेक.च्या विद्यार्थ्यांना मानव्यविद्यांचे काही विषय सक्तीचे असतात खरे. पण श्रेयांकांपुरता घेतलेला विषय आणि शेजारच्या बाकावर बसून हरकत घेणारा सहाध्यायी यांत फरक असतो. पुढे हेच अभियंते मोठ्या संख्येने प्रशासकीय सेवांकडे वळतात आणि समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र हा वैकल्पिक विषय राजेंद्रनगरच्या क्लासमध्ये पैसे मोजून शिकतात. या पानाच्या वाचकांपैकी अनेकांना ते वर्ग वेगळे सांगायला नकोत.

आयआयटींबाबत संसदेत जागा, रिक्त पदे आणि आरक्षण यांवर प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत. या संस्थांच्या परिषदेचे अध्यक्षपद केंद्रीय शिक्षणमंत्र्यांकडे असते. तेवीस आयआयटींपैकी किती ठिकाणी, जेईई न देता, बारावीनंतर मानव्यविद्यांची पदवी घेता येते, हा एक तारांकित प्रश्न महाराष्ट्रातील एखाद्या खासदाराने त्यांना येत्या अधिवेशनात विचारून पाहावा.