शंभरापैकी ब्याण्णव

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. दिसेल त्या गोष्टीचा त्याला तक्ता करावासा वाटतो. मी मुली बघायला जात असे तेव्हासुद्धा खिशात एक तक्ता ठेवत असे. पण तक्ते मुलींकडेही असतात, हे मला ठाऊक नव्हतं. लागोपाठ पाच जणींनी मला त्यांच्या तक्त्यात नापास केलं. त्यामुळं लग्न अडतिसाव्या वर्षी झालं आणि कन्यारत्न चाळिशी उलटल्यावर. ज्या वयात लोक मुलांच्या दहावीच्या मार्कांची काळजी करतात, त्या वयात मी दुधाच्या बाटल्या उकळत होतो.

कन्या आठ महिन्यांची झाली. हिची सव्वीस आठवड्यांची रजा संपली, साठवलेली संपली, बिनपगारी मागायचं धैर्यही संपलं. माझी आई गुडघ्यांनी आणि हिची आई गावानं बांधलेली. राहता राहिलं पाळणाघर. मी लगेच फूटपट्टी घेऊन तक्ता आखला. स्वच्छता २०, कॅमेरा २०, आहार २०, जागा आणि सजावट २०, घरापासूनचं अंतर १०, फी १०. एकूण १००. बेरीज दोनदा तपासली. बी.कॉम. झाल्याचा दुसरा काही उपयोग मला आजवर सापडलेला नाही.

सात पाळणाघरं पाहिली. त्यांतलं एक थेट १०० पैकी ९२ वर गेलं. आठ गुण गेले ते फीमध्ये. भिंतीवर हत्ती, हरणं आणि छताला मान टेकल्यामुळं ती बिचाऱ्याला मुरडून घ्यावी लागलेला जिराफ. फरशी अशी की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा. आहाराचा तक्ता चार रंगांत छापलेला. सोमवारी नाचणीचं सत्त्व, मंगळवारी भाज्यांची खिचडी, बुधवारी ज्याचं नाव मला वाचता आलं नाही असं काहीतरी. आणि कॅमेरा! कुठूनही, केव्हाही मूल मोबाइलवर पाहा. मॅडमनी 'होलिस्टिक' हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी मोजला, कारण मोजणं हा माझा धंदा आहे.

आता तुम्ही विचाराल, या तक्त्यात मूल ज्या बाईच्या कडेवर दिवसभर राहणार तिच्यासाठी किती गुण होते? वाचकहो, शून्य. तिच्यासाठी रकानाच नव्हता. मी जिराफ पाहिला, फरशी पाहिली, पाण्याच्या फिल्टरवरची दुरुस्तीची तारीख पाहिली. मावशीला पाहिलं नाही. ती कोपऱ्यात उभी होती एवढं आठवतं.

मग आमचा कॅमेऱ्याचा खेळ सुरू झाला. बँकेत माझा हुद्दा 'सिंगल विंडो ऑपरेटर'. म्हणजे कारकूनच, फक्त काचेमागचा. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा आणि सगळ्या शाखेनं माझी लेक बघायची. चित्र यायचं, आवाज मात्र यायचा नाही. आमचे हेडकॅशिअर म्हणायचे, "काय गुणी पोर आहे हो तुमची! अर्धा तास झाला, हललीसुद्धा नाही." मी अभिमानानं लोणच्याची फोड सगळ्यांना वाटायचो.

दीड वर्षाचं मूल अर्धा तास हलत नाही, याचा अभिमान वाटणारा बाप अख्ख्या शाखेत मी एकटाच असेन असं समजू नका. घरोघरी आहेत. आपल्याला गुणी मूल हवं असतं, आणि गुणी म्हणजे ज्याचा आवाज येत नाही ते.

हिला मात्र शंका आली. "अहो, ही बोलत का नाही? खालच्या मजल्यावरचा बंड्या हिच्याहून लहान, पण दिवसभर टकळी चालू असते."

"माझ्यावर गेलीय," मी म्हटलं. "मीही घरात बोलत नाही."

त्याच सुमारास लेकीचा नवा खेळ सुरू झाला. बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचं. आम्हाला ते फार गोड वाटलं. मी व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला.

एका मंगळवारी बँकेची कनेक्टिव्हिटी गेली. ही घटना आमच्याकडे चंद्रग्रहणाइतकी दुर्मीळ नाही, पण त्या दिवशी ती दीड वाजता गेली आणि येण्याचं चिन्ह दिसेना. साहेबांना काय लहर आली कोण जाणे, म्हणाले, "जा घरी." मी सरळ पाळणाघर गाठलं. दारावरचा रखवालदार म्हणाला, "पालकांची वेळ साडेपाच ते साडेसहा." मी म्हटलं, "मूल माझं आहे." तो म्हणाला, "साडेपाचनंतर."

शेवटी लेकीला डॉक्टरांकडे न्यायचंय अशी थाप मारून आत शिरलो. खोलीत मुलं चौदा आणि मावशी एक. वय वीसच्या आसपास. ती मारत नव्हती, ओरडत नव्हती, मोबाइल बघत नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही आता तिच्यावर चिडायच्या बेतात असाल. ती जेवण भरवत होती. एक वाटी, एक चमचा, चौदा तोंडं. पोस्टात शिक्के मारावेत तसं. घास, पुसणं, पुढचं. कोपऱ्यातलं एक तान्हं पाळण्यात रडत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग उरलेल्या तेरांकडे पाहिलं आणि पुढचा घास उचलला. दुसरं ती काय करणार होती? रडणाऱ्याला उचलावं तर तेरा जणांना मोकळं सोडावं लागतं. म्हणून तिनं तेरा जणांना एकच गोष्ट शिकवली होती. ओठांवर बोट.

माझ्या लेकीनं मला पाहिलं. धावत आली नाही. बसल्या जागेवरून तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

नंतर, चपला घालता घालता, मी त्या मुलीला पगार विचारला. आठ हजार. आमची फी नऊ हजार. म्हणजे एका मुलाच्या फीत मावशी निघत होती, वर हजार उरत होते आणि आणखी तेरा मुलं शिल्लक राहत होती. जागेचं भाडं असतं, वीज असते, जिराफ रंगवणाऱ्याचं बिल असतं, सगळं मान्य. पण चौदा फींतून दुसरी मावशी निघत नाही, हा हिशेब मला कोणी ऑडिटर शपथेवर पटवून देणार नाही. सहा महिन्यांतली ही तिसरी मावशी होती. "आधीची कुठं गेली?" मी विचारलं. "मॉलमध्ये लागली कपड्यांच्या दुकानात. तिथं साडेअकरा देतात," ती म्हणाली, "आणि कपडे रडत नाहीत."

आता माझं भांडण ऐका. ते त्या मावशीशी नाही, आणि खरं म्हणजे मॅडमशीही निम्मंच आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला जे हवं ते काचेत मांडतो. पाळणाघर मुलांसाठी सजवलेलं नसतं, ते पालकांसाठी सजवलेलं असतं. दीड वर्षाच्या मुलाला जिराफ कशाला हवा? त्याला उचलून घेणारी बाई हवी. पण बाईपेक्षा जिराफ स्वस्त पडतो. एकदा रंगवला की पगार मागत नाही, बाळंतपणाची रजा मागत नाही आणि मॉलमध्ये जात नाही. आणि त्याला वीसपैकी वीस गुण देणारे शहाणे आपण!

आमच्या बँकेत तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याच्या भरवशावर रोकड ठेवायची नाही, हा नियम. रोकड मोजायला अधिकारी येतो तो न सांगता. सांगून आला तर सगळ्याच तिजोऱ्या बरोबर भरतात, हे बँकेला फार पूर्वीच समजलेलं आहे. नोटांच्या बाबतीत एवढी अक्कल आणि पोटच्या पोराच्या बाबतीत? एक मावशी, आणि तपासणी साडेपाच ते साडेसहा. त्या वेळेला सगळ्या मुलांची तोंडं धुतलेली आणि भांग पाडलेले.

कायद्याला हे आपल्याआधी कळलं होतं. २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं. त्यात आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं असं स्पष्ट लिहिलं. पुढं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते ठेवलं. चार वेळा! आणि मी एकदा गेलो तर मला डॉक्टर काढावा लागला. बापाचं नाव त्या कलमात नाही, ही गोष्ट वेगळी. कायद्यानंही आम्हाला साडेपाचनंतरच धरलेलं दिसतं.

अमेरिकेत बालसंगोपनाचा दर्जा मोजण्याचा एक तक्ता १९८० साली निघाला आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा १९९० साली. गुण एक ते सात. त्यातही खोली आणि सामान आहेच, पण डायपर कसा बदलतात, भरवताना काय बोलतात, सकाळी मुलाचं स्वागत कसं होतं यालाही गुण आहेत. आणि गुण देणारा मॅडमच्या केबिनमध्ये चहा पीत नाही, तो मुलांच्या खोलीत दोन-तीन तास बसून बघतो. तिकडंच १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. सांभाळणारं माणूस मुलाशी किती बोलतं, त्याच्या हाकेला किती ओ देतं, याचा मुलाच्या भाषेशी संबंध असतो, असं त्यात दिसलं. माझी लेक माझ्यावर गेली नव्हती. ती चौदातली एक होती, एवढंच.

आणि अमेरिकेत कशाला जायचं? १९४५ साली ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ बोर्डीला गेल्या आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांत राहिल्या. मुलं शाळेपर्यंत येईनात तर त्या शाळा घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. आज देशभर 'अंगणवाडी' म्हणतात ती त्या अंगणातली. तिथं ना चकचकीत फरशी होती ना कॅमेरा. माणसं होती, आणि ती टिकून राहिली.

कॅमेरा वाईट असं नाही म्हणत मी. नवी मुंबईत २०१६ साली एका पाळणाघरातली मारहाण कॅमेऱ्यामुळंच सिद्ध झाली. पण कॅमेरा हा चित्रगुप्त आहे, आई नव्हे. झालेलं लिहून ठेवतो, होणारं थांबवत नाही.

इथं आमचे एक नात्यातले काका हटकून म्हणतात, "मुळात पाळणाघर हवंच कशाला? आमच्या वेळी मुलं आपोआप वाढली." काका, आपोआप नाही वाढली. काकू, आजी, एक विधवा आत्या आणि थोरली बहीण अशा चार जणी राबत होत्या. चार जणी आणि मुलं सहा. हे प्रमाण मला आजच्या कुठल्याही पाळणाघरात दाखवा, मी घर गहाण ठेवून फी भरतो. फक्त त्या चौघींना पगार नव्हता आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. आणि दरवेळी हे भाषण हिच्याकडे बघून का? मूल काय ती एकटीच बँकेतून काढून आणते?

म्हणून सांगतो. पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतींकडे पाठ करा आणि तीन प्रश्न विचारा. एका बाईमागं मुलं किती? ही बाई इथं किती वर्षं आहे? तिला पगार किती? तिसऱ्या प्रश्नाला मॅडमचा चेहरा बदलला तर उत्तर मिळालं असं समजा. मग एके दिवशी न सांगता दुपारी दोन वाजता जा. आत सोडलं नाही तर तेही उत्तरच.

आम्ही पाळणाघर बदललं. नवं एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. भिंतीचा गिलावा दोन ठिकाणी निघालाय. माझ्या जुन्या तक्त्यात त्याला एक्केचाळीस गुण पडले. मुलं अकरा, बायका तीन. मोठ्या मावशींना तिथं नऊ वर्षं झाली. डायपर बदलतानासुद्धा त्या मुलाशी बोलतात, "आता पाय वर, आता दुसरा, शाब्बास गं माझी बाय." दार दिवसभर उघडं. फी बारा हजार. म्हणजे फीच्या रकान्यात शून्य. तिघींना पगार द्यायचा तर दुसरं काय होणार? आमची गाडी घ्यायची होती, ती लांबली. स्कूटर अजून चालते.

पहिल्या पाळणाघराच्या मॅडमना मी पत्र लिहिलं. दुसरी मावशी ठेवा, आहे तिला पगार वाढवा. उत्तर आलं ते जाहिरातीच्या कागदावर. आता तिथं एक झेब्राही काढलाय.

लेकीनं दोन महिन्यांनी ओठांवरचं बोट काढलं. आता सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत बडबड चालू असते. बाहुलीला बोलणी बसतात, स्कूटरला बसतात, मला तर बसतातच. मध्ये एक शब्द घालायची सोय नाही.

"माझ्यावर गेलीय," ही म्हणते.