दिवस गेले, आणि मग

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे या सदराच्या काही वाचकांना वाटेल. चकलीच्या कृती आणि कथाकवितांचा थाट यांच्यामध्ये गर्भ गेल्याची गोष्ट! पण मला विचाराल तर याला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. वर्षभर आपापल्या ब्लॉकची दारे लावून राहणारी माणसे या चार दिवसांत एकमेकांकडे जातात. कुणाचा पहिला दिवाळसण असतो, कुणाची भाऊबीज असते, आणि फराळाचे ताट पुढे करता करता एखादी काकू हसत विचारते, "काय मग, गोड बातमी कधी?" जिला हा प्रश्न विचारला त्या मुलीला ती बातमी कदाचित श्रावणात मिळालेली असते आणि भाद्रपदात ती संपलेलीही असते. तिने कोणाला सांगितलेले नसते. ती करंजीचा तुकडा मोडते आणि "बघू" म्हणते.

मी मराठी शिकवते, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. त्याला इलाज नाही. आपल्या भाषेत बाईला मूल होणार असले की तिला 'दिवस गेले' असे म्हणतात. परभाषिकांना हे समजावताना माझी नेहमी त्रेधा उडते. काहीतरी 'गेले' म्हणजे काहीतरी आले, हे त्यांच्या गळी उतरत नाही. पण खरी पंचाईत पुढेच आहे. 'गेले' हे क्रियापद आपण येण्यासाठीच खर्चून बसलो. आता खरोखरच गेले तर म्हणायचे काय? जुन्या बायका 'पोट पडलं' म्हणत. आजच्या मुली "राहिलं होतं, पण…" एवढे बोलून वाक्य तिथेच सोडून देतात.

आपले जुने वैद्य या बाबतीत आपल्यापेक्षा चोखंदळ होते. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो 'स्राव', आणि शरीर घट्ट झाल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर तो 'पात', असा स्पष्ट भेद सुश्रुतसंहितेत केलेला आहे. आपण 'स्राव' पोथीत ठेवून दिला आणि 'गर्भपात' हा एकच शब्द दोन्हीकडे लावू लागलो. आपोआप झालेल्यालाही आणि करून घेतलेल्यालाही. १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, त्यानंतर तर हा शब्द बहुतेकांच्या कानाला करून घेतल्याचाच वाटू लागला. (करून घेणाऱ्या बाईला मी नावे ठेवते आहे असे कृपा करून कोणी समजू नये. कायद्याने तिला तो अधिकार दिला आहे आणि तिची कारणे तिच्यापाशी. मी फक्त शब्दाविषयी बोलते आहे.)

हा नुसता व्याकरणाचा कीस नव्हे. माझी एक जुनी विद्यार्थिनी दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेली, तर पडद्यावर ठोके दिसेनात. वाढ आठव्या आठवड्यातच थांबली होती. तिला ना कधी दुखले होते, ना रक्ताचा थेंब दिसला होता. सकाळची मळमळसुद्धा चालू होती. शरीराला बातमी उशिरा कळते, असेही होते, हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिले होते, 'मिस्ड अबॉर्शन'. घरी सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. बाई स्वभावाने वाईट नव्हेत, पण त्यांना त्यातला दुसराच शब्द तेवढा ठाऊक होता. त्यांनी विचारले, "तुम्ही दोघांनी ठरवून केलंत का हे?" ती मला सांगत होती, "बाई, बाळ गेल्याचं दुःख एकीकडे राहिलं, आणि मी काही केलं नाही हे पटवत बसले आठ दिवस."

डॉक्टरांच्या लेखी 'अबॉर्शन' हा साधा परिभाषेतला शब्द. त्यात आरोप नाही. पण रोग्याला परिभाषा कुठून कळणार? इंग्लंडातल्या डॉक्टरांना हे उमगले तेव्हा १९८५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांच्यापैकी काहींनी पत्र लिहून सुचवले, की आपोआप गेलेल्या गर्भाला 'अबॉर्शन' न म्हणता 'मिसकॅरेज' म्हणावे. हळूहळू तिकडचे कागद बदलले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते अजून जुन्याच भाषेत बोलतात.

आता कारणांकडे वळू. कारण गर्भ गेला की घरात चौकशी समिती बसते. पपई खाल्लीस का? स्कूटरवर मागे बसलीस का? वरच्या फळीवरचा डबा काढलास का? ग्रहणात भाजी चिरलीस का? नोकरी करणारी असली तर समितीला फार वेळ लागत नाही, निकाल तयारच असतो. आणि गंमत म्हणजे, तिची गंमत म्हणवत नाही पण म्हणते, या समितीची सर्वांत कठोर सभासद ती मुलगी स्वतःच असते. रात्री डोळे मिटून ती सारा महिना उलटसुलट तपासते.

तिने एवढे ऐकावे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात; जोडीतले एक आईकडून, एक बापाकडून. बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी पहिल्या पेशी विभागताना कधी एखादे गुणसूत्र जास्तीचे येते, कधी एखादे गळते. असा गर्भ बहुधा फार पुढे जाऊ शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास हेच कारण सापडते. म्हणजे हा हिशेब पाळी चुकण्याच्याही आधी चुकलेला असतो. पपई, स्कूटर आणि फळीवरचा डबा यांचा नंबर फार मागाहून लागतो. वय वाढते तशी ही चूक वाढते, कारण बाईची बीजे तिच्या जन्माआधीच तयार होऊन बसलेली असतात, तिच्याबरोबर तीही वयस्क होतात. नॉर्वेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, २०१९ साली ती प्रसिद्ध झाली, पंचविशी ते एकोणतिशीच्या बायकांत दहांत एक गर्भ गेलेला आढळला. पंचेचाळिशीनंतर हेच प्रमाण निम्म्याच्या वर गेले. बापाचे वयही या हिशेबात थोडेफार मोजले जाते, पण समितीपुढे त्याला कोणी बोलावत नाही.

हे किती जणींचे होते? २०२१ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये जगभरच्या आकड्यांची गोळाबेरीज आली. कळून आलेल्या शंभर गरोदरपणांपैकी पंधरा असे संपतात. वर्षाला दोन कोटी तीस लाख, मिनिटाला चव्वेचाळीस. तुमच्या इमारतीत वीस बिऱ्हाडे असतील तर हे कोणाच्याच घरी घडलेले नाही असे होणे कठीण. तरी प्रत्येक बाईला वाटते की आपल्या एकटीच्याच वाट्याला हे आले.

पपईविषयी न्यायाने बोलायचे तर, पिकलेली पपई बेतात खाल्ल्याने गर्भ जातो याला आधार नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आवळतात असे प्रयोगात दिसले आहे. तेव्हा कच्ची खाऊ नये म्हणणाऱ्या आजीबाईंना अगदीच हसू नये. ज्यांची खरोखर दखल घ्यावी अशी कारणे मात्र वेगळीच आहेत: ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचा विकार, तंबाखू, दारू, गर्भाशयाची जन्मजात ठेवण. रक्त नको तिथे गोठवणारा अँटिफॉस्फोलिपिड नावाचा एक विकार आहे. तो निघाला तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन यांनी पुढचे गरोदरपण टिकण्याची शक्यता वाढते. पूर्वी तीनदा गर्भ गेल्याशिवाय या तपासण्या करीत नसत. २०१७ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी दोनदा पुरे असे ठरवले. एकदाच गेला असेल तर बहुतेक जणींचे पुढचे बाळंतपण नीट पार पडते.

रक्त दिसू लागले की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो, "आडवी हो, उठू नकोस." अंथरुणात पडून राहिल्याने गर्भ वाचतो असे काही सिद्ध झालेले नाही. ज्या गोळ्यांवर सर्वांची भिस्त असते त्या प्रोजेस्टेरॉनची परीक्षा इंग्लंडात चार हजारांवर बायकांवर झाली. सरसकट सगळ्यांना ठळक फायदा दिसला नाही. पण जिला आता रक्तस्राव होतो आहे आणि पूर्वीही गर्भ गेलेला आहे, तिला उपयोग होतो असे दिसले. म्हणून डॉक्टरांना आधीचे सगळे सांगावे, लपवू नये. आपला रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगावे.

गर्भ गेल्यावर पुढे तीन वाटा असतात: शरीराला आपले काम आपण करू द्यावे, गोळ्या घ्याव्यात, किंवा बायका ज्याला 'पिशवी धुणे' म्हणतात ते करावे. कोणती वाट, हे तिने डॉक्टरांशी बोलून ठरवावे; वाट पाहणाऱ्या नातेवाइकांनी नव्हे. मात्र तासाला दोन मोठे पॅड भिजतील असा रक्तस्राव दोन तास चालला, ताप आला, घेरी आली, किंवा ओटीपोटात एकाच बाजूला जबर कळ येऊन खांदाही दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. शेवटची खूण गर्भ नळीत राहिल्याची असू शकते आणि त्यात जिवाला धोका असतो.

पुन्हा कधी? सहा महिने थांबावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली म्हटले होते. पण २०१० साली स्कॉटलंडमधल्या तीस हजारांवर बायकांची माहिती तपासली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्यांचे काही बिघडलेले दिसले नाही, उलट बरेच झालेले दिसले. शरीराची तयारी असली तरी मनाची असेलच असे नाही, ही गोष्ट वेगळी. लंडनमध्ये साडेसहाशे बायकांना महिन्यानंतर विचारले, तेव्हा शंभरांत एकोणतीस जणींत मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणे आढळली, आणि नऊ महिन्यांनंतरही अठरा जणींत ती होती. नऊ महिने! ज्या सुमारास बाळंतपण व्हायचे, त्याच्याही पुढे दिवस सरून गेलेले.

आपल्याकडे तीन महिने बातमी सांगत नाहीत. चोरचोळीसुद्धा नावाप्रमाणे चोरूनच होते. डोहाळजेवणाचा थाट सातव्यात. या लपवण्याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. बहुतेक गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच जातात हे आमच्या आज्यांना आकडेवारीवाचून ठाऊक होते. पण आनंद लपवला की दुःखही लपवावे लागते, ही त्याची दुसरी बाजू. जिथे बातमीच पोचली नाही तिथे समाचाराला कोण येणार? मनुस्मृतीने अशा बाईला, जितके महिने गेले असतील तितक्या रात्री अशौच सांगितले आहे. विटाळाच्या कल्पनेवर माझा विश्वास नाही, पण त्या रात्री तिच्या नावावर मोजलेल्या तरी होत्या. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' उघडला तर लवकर झालेल्या स्रावात बापाची नुसत्या स्नानावर सुटका आहे. त्याने अंघोळ करावी आणि कामाला लागावे.

पूर्वीच्या बायका मोजताना चुकत नसत. "मला आठ झाली, पाच राहिली," असे आमच्या वाड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई सांगत, आणि त्या आठांत दोन अशी होती की ज्यांना नावही मिळाले नव्हते. आज आपण "बरं झालं लवकर गेलं", "अजून लहान आहात, दुसरं होईल" असे म्हणून ती मोजणीच बंद करतो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारीला दुसरे नको असते, तिला ते हवे असते. "मला कळलं, फार वाईट वाटलं. उद्याचा डबा मी पाठवते," इतके पुरते, आणि नवऱ्यालाही एकदा बाजूला घेऊन विचारावे, "तू कसा आहेस?"

गेल्या पावसाळ्यात शेजारची मुलगी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. ती एका सहकारी बँकेत आहे. नवव्या आठवड्यात गर्भ गेला होता आणि तिने 'व्हायरल ताप' म्हणून दोन दिवसांची रजा टाकायचे ठरवले होते. मी तिला सांगितले की यासाठी सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच लिहिलेली आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला की झाले. (न्यूझीलंडने २०२१ साली तीन दिवसांची रजा नवऱ्यालाही दिली, आपल्या कायद्यात त्याला काही नाही.) तिला हे ठाऊक नव्हते. अर्जात कोणता शब्द घालायचा यावर आम्ही दोघी थोडा वेळ अडलो, आणि मग मी 'गर्भस्राव' असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन गेली. आस्थापना विभागातल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. आता शब्दाचा अर्थ विचारणार, म्हणून ती उभ्याउभ्या घामाघूम झाली. त्यांनी अर्थ विचारला नाही. म्हणाले, "आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झालं. मी दुसऱ्या दिवशी कॅशला बसलो होतो." मग त्यांनी अर्जावर तारखेचा शिक्का मारला आणि पोच तिच्या हातात दिली.