मान राखणं आणि मान खाली घालणं

मंडळीच्या वार्षिक सभेत कुणी जमाखर्चाचा कागद मागितला, की रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय हमखास बाहेर निघतो. अधिकारी देवाने नेमलेत, अधीन राहा. विषय संपला. विचारणारा पंचविशीतला असेल तर ‘आजकालच्या पोरांना वडीलधाऱ्यांची चाड नाही’ हेही वरून ऐकावं लागतं.

मला हा त्या अध्यायाचा उघड गैरवापर वाटतो.

एक तर तो अध्याय पाळक किंवा पंचकमिटीबद्दल नाहीच. तो सरकारबद्दल आहे. त्यात कर भरण्याचा मुद्दा आहे, शिक्षा करणाऱ्या राजसत्तेचा आहे. आणि महाराष्ट्रातलं सरकार काय म्हणतं? 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टने हिशेब नीट ठेवावेत आणि ते तपासून घ्यावेत. मग अधीन कोण राहिलं? हिशेब मागणारा की तो दडवणारा?

दुसरं, पौल स्वतः कसा वागला ते बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी दोघांना गुपचूप सोडायला सांगितलं. पौल जागचा हलला नाही. रोमी नागरिकांना चारचौघांत मारलंत, तर आता स्वतः येऊन बाहेर न्या, असं त्याने कळवलं. त्यांना यावं लागलं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हाही मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत ठेवला, म्हणजे पैशावरून कुणी बोट दाखवायला नको.

तिसरं उदाहरण आपल्या मातीतलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्यानंतर ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या मान देत होत्या, त्यांच्याशीच त्यांनी धर्ममतांवरून पत्रांतून वाद घातला. 1897 साली पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. मुंबईच्या गव्हर्नरने आरोप फेटाळले. ते सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं होतं, म्हणून रमाबाई गप्प बसल्या नाहीत.

आता समोरच्या बाजूचा रास्त मुद्दा. काहींना हिशेबाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना खुर्ची हवी असते. काहीजण व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकांच्या घरच्यांवर घसरतात. त्याला मी धैर्य म्हणणार नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात यावर चोख नियम आहे: मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकायचा नाही, पण दोषी असेल त्याला सगळ्यांसमोर दोष द्यायचा. म्हणजे कुजबुज नको आणि झाकपाकही नको.

मान राखणं म्हणजे हेच. प्रश्न तोंडावर विचारायचा, कागद धरून विचारायचा, खाली स्वतःचं नाव लिहून विचारायचा. मान खाली घालणं ही वेगळी गोष्ट आहे. तिने पाळकांचंही भलं होत नाही, कारण ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याला चुकीच्या वाटेवरून मागे बोलवायलाही कुणी उरत नाही.

तेव्हा पुढच्या सभेत उभे राहा. ‘पाळकसाहेब’ अशीच हाक मारा. आणि हिशेबाची प्रत मागा.