आमदाराला कलम वाचता यावं

पुण्याच्या लॉ कॉलेजातून १९४१ साली एलएल.बी. होऊन यशवंतराव चव्हाणांनी कऱ्हाडला वकिली सुरू केली. ती रुजते न रुजते तोच बेचाळीसची चळवळ आली, ते भूमिगत झाले आणि १९४६ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून आले. अशा माणसानं वकिली सोडली, असं आपण म्हणतो. माझ्या मते ती तिथंच कामाला आली. ते मुख्यमंत्री असताना झालेला १९६१ चा जिल्हा परिषद कायदा पाहा. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक, तेही पुसदचे वकील. पंचायत राज सुचवणाऱ्या बळवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. महाराष्ट्रानं तो जिल्ह्यावर आणला, जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवून स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला आणि आमदार-खासदारांनाही सदस्यत्व दिलं नाही. आमदारांनीच आमदारांना दार लावून घेतलं! भावांच्या वाटणीपत्रात विहिरीच्या पाळ्या आणि बांधावरची झाडंसुद्धा लिहून ठेवावी लागतात, नाहीतर पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, हे तालुक्याच्या वकिलाला पहिल्याच वर्षी कळतं. या कायद्यात तीच नजर दिसते.

यावर कोणी म्हणेल, अंतुलेही बॅरिस्टरच होते. १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. उलट, फारसं न शिकलेल्या वसंतदादा पाटलांनी राज्य चालवलं. कबूल, वकिलीची सनद म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. मसुदा विधी व न्याय विभाग करतो, हेही खरं. पण शब्द विभागाचे असले तरी कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे सभागृह ठरवतं. जड आक्षेप वेगळाच आहे: १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप निघाला की मत ठरलेलं, मग विधेयक वाचायचं कशाला? त्याचं उत्तर एवढंच, की व्हिप मताला बांधतो, तोंडाला नाही. गोंधळात विधेयक पुढे सरकत असताना एखाद्या परंतुकावर बोट ठेवायला कुठलाही पक्षादेश आड येत नाही. आड येतं ते न वाचणं. आणि कलम वाचायला सनद लागतेच असंही नाही, सवय लागते.

पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्यांतल्या कुठल्याही मतदारसंघात पुढच्या निवडणुकीत उमेदवार बाकं आणि पेव्हिंग ब्लॉकची यादी घेऊन सोसायटीत आला, की ती बाजूला ठेवा आणि गेल्या अधिवेशनातल्या एका तरी विधेयकाचं एक कलम समजावून सांगा म्हणावं.