हवेच्या दोन बंदुका

२००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिक सामन्यांत अभिनव बिंद्रा यांनीं दहा मीटर एअर रायफलमध्यें सुवर्णपदक मिळविलें. वैयक्तिक खेळांत भारताचें तें पहिलेंच. २०२२ सालीं ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील कैरो येथें याच प्रकारांत जगज्जेते झाले. अशीं वृत्तें वाचून मुलें घरीं बंदुकीचा हट्ट धरतात, आणि कोणती घ्यावी या विचारांत पालक पडतात. स्प्रिंगची बंदूक स्वस्त, हवेच्या टाकीची महाग. तेव्हां महाग तीच प्रत्येकाला चांगली, असा ग्रह सहज होतो. या ग्रहाची थोडी परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम दोहोंची रचना पाहूं. स्प्रिंगच्या साध्या बंदुकीची नळी सांध्यापाशीं वांकवून खालीं ओढली कीं आंतील पोलादी स्प्रिंग दबते व दट्ट्या मागें अडकून राहतो. चाप ओढतांच स्प्रिंग दट्ट्याला पुढें लोटते, त्याच्या पुढची हवा एकाएकीं दाबली जाते, आणि तिच्या जोरानें छर्रा सुटतो. प्रत्येक बाराची शक्ति अशा रीतीनें आपल्याच दंडांतून येते. दुसऱ्या प्रकारांत नळीखालच्या टाकींत हवा आधींच कोंडून ठेवलेली असते. स्पर्धेच्या रायफलींत तिचा दाब वातावरणाच्या सुमारें २०० पट असतो. चाप ओढला कीं छोटी हातोडी झडपेवर आदळते व बेताची हवा बाहेर येते. एकदां भरलेली टाकी पुष्कळ बारांस पुरते.

टाकीची बंदूक म्हणजे अगदीं नवी युक्ति, ही समजूतहि खरी नव्हे. सुमारें १७८० सालीं जिरांडोनी या कारागिरानें ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठीं केलेली रायफल याच जातीची होती. तिच्या दस्त्यांतच हवा भरीत. पण ती भरण्यास पंपाचे शेंकडों झटके द्यावे लागत व टाक्या गळत. म्हणून सैन्यांत ती फार दिवस टिकली नाहीं. शक्तीचा सांठा करावयाचा तर तो भरण्याची व राखण्याचीहि सोय पाहिजे, हा धडा त्या इतिहासांत आहे.

आतां गुणदोष. स्प्रिंग सुटतांना बंदूक प्रथम मागें ढकलली जाते, व दट्ट्या थांबतांना पुढें हिसकते. हें सर्व छर्रा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच घडतें. म्हणून ती घट्ट आवळून धरली तर नेम चुकतो. सैल हातानें, आणि दर खेपेस तशाच रीतीनें, धरावी लागते. टाकीच्या बंदुकीला हा हिसका जवळजवळ नसतो. दहा मीटरांवरील लक्ष्यांत दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथें आज मोठ्या स्पर्धांतून टाकीचीच रायफल दिसते, तें योग्यच आहे.

परंतु स्पर्धक निराळा व नवशिका निराळा. माझें मत असें कीं, घरीं पहिली बंदूक घ्यावयाचीच झाली तर ती स्प्रिंगची असावी. चाप ओढल्यावरहि क्षणभर निश्चल राहणें, ही नेमबाजीची मूळ संवय ती सक्तीनें लावते. आळसाला ती क्षमा करीत नाहीं. ती कांहीं हजारांत मिळते. स्पर्धेच्या उत्तम रायफलीस लाखांच्या वर रुपये पडतात. शिवाय हातपंप किंवा पाणबुड्यांच्या नळकांड्यासारखें हवेचें नळकांडें लागतें, आणि टाकीस उत्पादकानें घातलेली मुदत पाळावी लागते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. छर्ऱ्यावांचून चाप ओढण्याचा सराव नेमबाजाला फार उपयोगी असतो. स्प्रिंगच्या बंदुकींत तो करूं नये, कारण छर्ऱ्याचा अडसर नसला म्हणजे दट्ट्या जोरानें आदळून यंत्र बिघडतें. स्पर्धेच्या टाकीच्या रायफलींत मात्र त्याची सोय असते. लहान चणीच्या मुलाला स्प्रिंग दाबणेंहि जड जातें. हें मला मान्य आहे. म्हणूनच शाळेनें किंवा गांवांतील नेमबाजीच्या मंडळानें टाकीची एक चांगली रायफल सामाईक ठेवावी, व मुलांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं ती आळीपाळीनें वापरावी. जेथें अशी सोय आहे तेथें घरीं बंदूक घेण्याची घाईच नको.

पालकांस विनंती एवढीच कीं, मुलाच्या पहिल्या उत्साहावर कर्ज काढूं नका. वर्षभर त्याच्या गुणांची वही पाहा. हौस टिकली, आंकडे चढले, आणि बंदुकीचा हिसकाच आड येतो असें शिक्षकांनीं सांगितलें, म्हणजे मोठ्या खर्चाचा विचार करा.

आणि विद्यार्थ्यांनो, दोन्ही बंदुकांनीं डोळा जाऊं शकतो, हें विसरूं नका. नळीचें तोंड कोणाहि माणसाकडे वळवूं नका. चापावर बोट नेम धरल्यावरच ठेवा. पांखरांवर नेम धरूं नका; बहुतेक रानपक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. भिंतीपुढें टांगलेला कागद तुमची पुरेशी परीक्षा घेईल.