कुंडलिकेचं पाणी नितळ, पण भरवसा कोणाच्या हाती?

मालवण-तारकर्लीला समुद्रात बुडी मारून मासे दाखवण्याचा धंदा जोरात चालतो. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, की पर्यटक पैसे मोजायला तयार. मग आपल्या नदीत हे का होऊ नये, असा प्रश्न उद्या तुमच्या ग्रामसभेतही निघेल. उत्तर देण्याआधी पाणी नीट पाहा.

डोलवीजवळची अंबा ही नदी कमी, खाडी जास्त. रोजची भरती-ओहोटी गाळ ढवळते, त्यात जेट्टीकडे बार्जची ये-जा. इथे हा विषय सोडून दिलेला बरा.

रोहे तालुक्यातली कुंडलिका वेगळी. कोलाडच्या वरच्या अंगाला ती उन्हाळ्यातही वाहते, म्हणून तिथे राफ्टिंग रुजले. पण हे पाणी आपल्या डोंगराचे नव्हे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली आणून भिऱ्याच्या टाटा वीजगृहात 1927 पासून वीज होते आणि तेच पाणी पुढे नदीला मिळते. विजेच्या गरजेप्रमाणे ते सुटते.

इथेच मेख आहे. राफ्टला सुटलेला लोंढा हवा, बुडी मारणाऱ्याला संथ पाणी हवे. पाणी सुटले की पातळी भराभर चढते. तळ दिसतोय म्हणून उतरलेला माणूस वर येईपर्यंत नदी बदललेली असते. कपडे धुणाऱ्या बायाबापड्या आणि गुरे पाजणारी पोरे यांनाही तोच धोका.

दुसरी गोष्ट. हे पाणी मूळचे भीमा खोऱ्यातले. ते पुन्हा पूर्वेकडे वळवा, ही दुष्काळी भागाची मागणी जुनीच आहे. तसे झाले तर राफ्ट तर थांबतीलच, डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांवरचे उन्हाळी भातही अडचणीत येईल. तिसरी गोष्ट, रोह्याखाली नितळपणा संपतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली राज्यातले 53 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात कुंडलिका आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळी, कुणी बुडीच्या खेळाचा प्रस्ताव घेऊन आला तर लगेच ना-हरकत दाखला देऊ नका. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का, ते आधी विचारा. पाणी सोडण्याच्या वेळा लेखी मागवा आणि प्रत्येक घाटावर फलक लावा. गावच्या पोरांना जीवरक्षणाचे शिक्षण आणि रोजगार देण्याची अट ठरावातच घाला.

पाहुणा दोन दिवस पोहून जाईल. नदीकाठी बारा महिने राहायचंय आपल्याला.